गेमिंग कॉम्प्युटर घेताय? आधी झाकण उघडून आत बघा

माझा पहिला गेमिंग कॉम्प्युटर एका मोठ्या कंपनीचा, तयार मिळणारा होता. काचेचं दार, लाल दिवे, समोर चमकता लोगो. दोन वर्षांनी नवे गेम अडखळायला लागले म्हणून मी नवं ग्राफिक्स कार्ड आणलं, बाजूचे दोन स्क्रू काढले आणि आत बघून कपाळावर हात मारला. कार्डाला लागणारी आठ पिनची वायर एसएमपीएसमधून, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यातून, निघतच नव्हती. ठीक आहे, एसएमपीएस बदलू म्हटलं, तर मदरबोर्डाला, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडले जातात त्या मुख्य पाटीला, जाणारी जाड वायर नेहमीची चोवीस पिनची नव्हती, कंपनीने स्वतःच्याच आकाराची बनवलेली. म्हणजे एसएमपीएससोबत मदरबोर्डही बदलायचा. तोही प्रमाणित मापाचा नाही, त्यामुळे कॅबिनेटमधली स्क्रूची भोकं नव्या बोर्डाशी जुळेनात. म्हणजे कॅबिनेटही गेलं. एक कार्ड बदलायला निघालो आणि जुन्यातलं प्रोसेसर, रॅम आणि डिस्क एवढंच वाचलं.

तेव्हापासून कोणताही कॉम्प्युटर बघताना माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: यातला एक भाग बदलायचा झाला तर आणखी काय काय फेकावं लागेल? जाहिरातीत प्रोसेसर आणि कार्डाची नावं मोठ्या अक्षरांत असतात. पण कॉम्प्युटर पुढे वाढवता येईल की नाही हे मदरबोर्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट ठरवतात, आणि त्यांची नावं बहुतेक वेळा छापलेलीच नसतात. हे तीन घरचे, बाकीचे पाहुणे. पाहुणे बदलत राहतात, घरच्यांना बदलणं महागात पडतं.

सुरुवात स्क्रीनपासून

भाग निवडण्याआधी मॉनिटर कोणता वापरणार ते ठरवा. १०८०पी स्क्रीनवर सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल असतात, १४४०पीवर ३६ लाख ८६ हजार आणि ४केवर जवळपास ८३ लाख. म्हणजे तोच गेम ४केवर दाखवायला कार्डाला १०८०पीच्या चौपट ठिपके रंगवावे लागतात. दुसरा आकडा वेगाचा. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर जेमतेम ६.९. स्पर्धात्मक नेमबाजीचे गेम खेळणाऱ्याला वेग लागतो, गोष्ट असलेले देखणे गेम खेळणाऱ्याला चित्राची बारकाई. दोघांनी एकच कॉम्प्युटर घेतला तर दोघांपैकी एकाचे पैसे चुकीच्या ठिकाणी जातात.

एक फ्रेम तयार होताना आत काय चालतं

भागांची कामं पाठ करण्यापेक्षा एका फ्रेमचा प्रवास समजून घेतलेला बरा. तुम्ही उडी मारायची कळ दाबता. प्रोसेसर हिशोब करतो: तुमचं पात्र आता कुठे, शत्रू कुठे, गोळी भिंतीला लागली की नाही. मग तो ग्राफिक्स कार्डाला कामाची यादी देतो: ही भिंत काढ, हा माणूस काढ, उजेड इकडून पाड. कार्ड ती यादी घेऊन लाखो पिक्सेल रंगवतं. भिंतीचं पोत, कातडीची चकाकी, सावल्या हे सगळं कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत, म्हणजे व्हीरॅममध्ये, हाताशी असावं लागतं. प्रोसेसरला लागणारी माहिती रॅममध्ये असते, आणि अजून लागलेली नाही ती एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर.

यातून एक गोष्ट आपोआप कळते. प्रोसेसर यादी देण्यात मागे पडला तर कार्ड रिकामं बसून राहतं आणि कार्ड रंगवण्यात मागे पडलं तर प्रोसेसर वाट बघतो. व्हीरॅम भरली की कार्ड रॅमकडे हात पसरतं. तो रस्ता लांबचा, म्हणून खेळ मधेच दचकतो. फ्रेमचा सरासरी आकडा चांगला दिसतो पण वळणावर धक्का बसतो, हे लक्षण बऱ्याचदा व्हीरॅमचं किंवा रॅमचं असतं.

मदरबोर्ड: सॉकेटचं आयुष्य विचारा

मदरबोर्ड गेम वेगवान करत नाही. पण उद्या कोणता प्रोसेसर बसेल, हे तोच ठरवतो. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. एएमडीच्या एएम४ सॉकेटचं उदाहरण घ्या. पहिले रायझन प्रोसेसर २०१७ मध्ये आले. त्या वेळच्या अनेक बोर्डांवर, बायोस (बोर्डातलंच मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून, २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. त्याची एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, ९६ एमबी आणि गेममधला वेग त्याच्या काळातल्या सर्वोत्तमांपैकी. पाच वर्षं जुन्या बोर्डावर फक्त प्रोसेसर बदलून लोकांनी नवा कॉम्प्युटर मिळवला. इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट २०२१ मध्ये बाराव्या पिढीबरोबर आलं, तेराव्या आणि चौदाव्या पिढीला चाललं आणि २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी एलजीए १८५१ हे वेगळं सॉकेट आलं. एलजीए १७०० वाल्यांना त्याच बोर्डावर त्यापुढे जाता येत नाही. एएमडीचं एएम५ २०२२ चं आहे आणि ते २०२७ पर्यंत तरी चालवू असं कंपनीने जाहीर केलेलं आहे.

म्हणून घेताना विचारा: हे सॉकेट सुरू होऊन किती वर्षं झाली, आणि यावर बसणारा सगळ्यात ताकदवान प्रोसेसर कोणता? मधल्या ताकदीचा प्रोसेसर आज घ्यायचा आणि त्याच सॉकेटवरचा वरचा प्रोसेसर तीन-चार वर्षांनी बसवायचा, हा माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा मार्ग. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या बोर्डाला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते. ती वाचायला पाच मिनिटं लागतात आणि वाचत कुणीच नाही.

बोर्डावर डोळ्यांनी बघायच्या गोष्टी अशा. प्रोसेसरभोवती धातूचे ठोकळे, म्हणजे हीटसिंक, आहेत का? प्रोसेसरला वीज सांभाळून देणारे भाग त्यांच्याखाली असतात. ते उघडेबोडके असतील तर तापतात आणि वरचा प्रोसेसर बसूनही पूर्ण वेगाने चालत नाही. रॅमचे स्लॉट दोन की चार? एसएसडीसाठी एम.२ स्लॉट एकच की दोन-तीन? मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का? हे बटण असलं की पेनड्राइव्ह लावून, जुना प्रोसेसर नसतानाही बायोस अपडेट करता येतं. नवा प्रोसेसर बसवला आणि स्क्रीन काळीच राहिली, अशा वेळी या बटणाचं मोल कळतं.

एसएमपीएस: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार

लोक सर्वात जास्त काटकसर इथे करतात आणि सगळ्यात जास्त पस्तावतात ते इथेच. आधी हिशोब कसा करायचा ते सांगतो. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांचा पूर्ण भारावरचा वापर घ्या, बोर्ड-पंखे-डिस्क यांचे ५० ते ७५ वॅट मिळवा. समजा कार्ड २०० वॅटचं, प्रोसेसर ९० चा, बाकी ६०. बेरीज ३५०. मग ४०० चा एसएमपीएस पुरावा की! पण ग्राफिक्स कार्ड क्षणभर, सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात, छापील आकड्यापेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतं. कमजोर एसएमपीएस तेवढ्यात स्वतःला बंद करून घेतो आणि गेम ऐन रंगात असताना कॉम्प्युटर झपकन विझतो. एनव्हिडिया २०० वॅटच्या आरटीएक्स ४०७० साठी ६५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, ते याच कारणाने. २०२२ मध्ये आलेल्या, एसएमपीएससाठीच्या एटीएक्स ३.० या मानकात तर असे क्षणिक उसळे पेलण्याची अटच आहे. नवा घेत असाल तर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलाच घ्या.

पुढे वाढवायचं आहे म्हणून माझा नियम: आजच्या बेरजेच्या जवळपास दुप्पट. वरच्या उदाहरणात ७५० घेतला तर पुढचं एक मोठं कार्डही त्यावर निघून जाईल. चांगल्या एसएमपीएसवर सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी मिळते, म्हणजे तो दोन कॉम्प्युटरांना पुरतो.

‘८० प्लस’ची ब्राँझ, गोल्ड ही पदकं विजेचा किती अंश उष्णतेत वाया जात नाही, एवढंच सांगतात. आतला माल चांगला आहे, संकटात तो बाकीच्या भागांना वाचवेल, असं त्या पदकाने सिद्ध होत नाही. पदक बघा, पण वॉरंटी आणि त्या नेमक्या मॉडेलची परीक्षणंही बघा.

वायरींचं गणित एकदा समजून घ्या. मदरबोर्डाच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनची वायर आणखी ७५ देते, आठ पिनची १५०. म्हणूनच २०१९ च्या जीटीएक्स १६५० ची बरीच कार्डं एकही वायर न लावता चालतात. ज्यांच्या जुन्या ऑफिस कॉम्प्युटरला जादा वायर नाही त्यांना तेवढीच सोय. नव्या मोठ्या कार्डांना सोळा पिनचा छोटा कनेक्टर असतो, त्यातून ६०० वॅटपर्यंत वीज जाऊ शकते. २०२२ च्या शेवटी आरटीएक्स ४०९० वर हे कनेक्टर वितळल्याच्या घटना घडल्या आणि नंतर त्याची सुधारित आवृत्ती आली. हा कनेक्टर लावताना तो तळापर्यंत बसला का ते बाजूने वाकून बघा, फट दिसता कामा नये. आणि वायर कनेक्टरपाशीच काटकोनात दुमडू नका.

कॅबिनेट: टेप घेऊन बसा

तीन मापं पुरेशी आहेत. कार्डासाठी किती लांबी मोकळी आहे (मोठी कार्डं ३०० मिलिमीटरच्या पुढे जातात, समोर पंखे किंवा रेडिएटर असेल तर त्याची जाडी वजा करा), प्रोसेसरच्या कूलरसाठी किती उंची आहे (मोठे टॉवर कूलर १५५ ते १६५ मिलिमीटर), आणि कोणत्या मापाचा बोर्ड बसतो. एटीएक्स बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स बहुतेक वेळा २४४ गुणिले २४४, मिनी आयटीएक्स १७० गुणिले १७०. मिनी आयटीएक्स दिसायला गोड, पण रॅमचे स्लॉट दोन आणि कार्डाचा एकच. वाढवण्याचा विचार असेल तर मायक्रो एटीएक्सच्या खाली जाऊ नका.

समोरची बाजू जाळीची घ्या, काचेची नको. बंद काचेमागे पंखे लावणं म्हणजे नाक दाबून पळायला सांगणं.

आता पाहुणे: कार्ड आणि प्रोसेसर

घरचे नीट निवडले की ही निवड सोपी होते, कारण चुकली तरी दुरुस्त होते. गेमसाठीच कॉम्प्युटर असेल तर कार्डावर प्रोसेसरपेक्षा बराच जास्त खर्च करा. फक्त अति वेगाचे स्पर्धात्मक गेम आणि शहर वसवण्यासारखे हिशोबी गेम याला अपवाद. तिथे प्रोसेसरच घाम गाळतो आणि एक्स३डी नावाचे मोठ्या कॅशचे रायझन तिथे खरोखर फरक पाडतात.

कार्डात व्हीरॅम बघा. २०२३ चं आरटीएक्स ४०६० टीआय ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आलं. आतली चिप तीच, पण जड गेममध्ये पोत पूर्ण वाढवले की ८ जीबीवालं धापा टाकतं. आज चार वर्षांसाठी घ्यायचं तर १२ जीबीच्या खाली मी तरी जाणार नाही, १०८०पीसाठीसुद्धा. आणखी एक छुपा फरक: काही स्वस्त कार्डं स्लॉटच्या, माहितीची ने-आण करणाऱ्या सोळा मार्गिकांपैकी कमीच वापरतात. आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार वापरतं. या स्लॉटची नवी पिढी, म्हणजे पीसीआयई ४.०, असलेल्या बोर्डावर ते निभावून जातं, जुन्या ३.० बोर्डावर प्रत्येक मार्गिकेचा वेग निम्मा असल्याने चांगलंच मार खातं. म्हणजे जुन्या कॉम्प्युटरला जीवदान द्यायला म्हणून लोक जे कार्ड घेतात, तेच तिथे सगळ्यात लंगडं चालतं.

प्रोसेसरच्या नावाशेवटचं अक्षर वाचा. इंटेलमध्ये ‘एफ’ असेल तर आतलं ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडलं तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. थोडे जास्त पैसे देऊन एफ नसलेला घेणं मला पटतं. कार्ड दुरुस्तीला गेलेल्या आठवड्यात कॉम्प्युटर निदान चालू राहतो.

रॅम आणि एसएसडी, थोडक्यात

डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या एकमेकांच्या जागी बसत नाहीत. दोघांनाही २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, म्हणून जोर लावू नका. एका मोठ्या कांडीऐवजी दोन सारख्या कांड्या घ्या, कारण दोन वाटांनी माहिती जाते. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा, बहुतेक बोर्डांवर हीच जोडी. १६ जीबीवर आज भागतं, ३२ वर निश्चिंत राहता येतं. पण ‘आता दोन, पुढे आणखी दोन’ हा बेत डीडीआर५ मध्ये फारसा जमत नाही. चार कांड्या लावल्या की वेग खाली आणावा लागतो. पुढे लागेलसं वाटत असेल तर पहिल्यांदाच दोन मोठ्या घ्या.

एसएसडी एनव्हीएमई, म्हणजे एम.२ स्लॉटमध्ये बसणारी वेगवान जात, १ टीबी, बस. वायरीने जोडायची जुन्या जातीची साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, चौथ्या पिढीची एनव्हीएमई ७००० च्या आसपास, पण खेळताना हा फरक आकड्यांइतका जाणवत नाही. दुसरा एम.२ स्लॉट वापरला की काही बोर्डांवर साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात. बोर्डाच्या पुस्तिकेत ते बारीक अक्षरांत दिलेलं असतं.

तयार कॉम्प्युटर घेत असाल तर

तयार घेण्यात काही वाईट नाही. फक्त विकणाऱ्याला बाजूचं झाकण काढायला सांगा आणि चार गोष्टी बघा. मदरबोर्डाच्या कडेला चोवीस पिनची रुंद वायर आहे का. एसएमपीएसवरच्या लेबलवर वॅट आणि मॉडेल छापलंय का. मागचं पोर्टांचं पट्टं कॅबिनेटपासून वेगळं निघणारं आहे का, की पत्र्यातच कापलेलं आहे. कापलेलं असेल तर त्यात दुसरा बोर्ड बसायचा नाही. आणि रॅमची कांडी एकच आहे का. ‘गेमिंग’ लिहिलेल्या कॉम्प्युटरात एकच कांडी सापडणं अजूनही सर्रास आहे. झाकण उघडलं की वॉरंटी जाते असं सांगितलं तर रॅम वाढवली तरी जाईल का, ते लेखी मागा.

बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप आणि प्रोसेसर बोर्डावर कायमचे जोडलेले असतात. एसएसडी, आणि नशीब असेल तर रॅम, एवढंच बदलता येतं.

घरी आणल्यावर

पहिल्यांदा सुरू केल्यावर डीडीआर५ च्या बोर्डावर काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका, चहा पिऊन या. मॉनिटरची वायर मदरबोर्डाला नाही, कार्डाला लावा. हे सांगायला लागू नये, पण मी स्वतः एका मित्राच्या नव्या कॉम्प्युटरचा ‘बिघाड’ या एका वायरीने दुरुस्त केला आहे. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो ही रॅमच्या वेगाची सेटिंग चालू करा, नाहीतर जास्त वेगाची रॅम घेऊनही ती मूळ कमी वेगानेच धावते. शेवटी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा, वाढवा. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर वर्षभर ६० वर चालवणारे लोक मी पाहिलेत.

दोन-तीन वर्षांनी वाढवताना

कोणता भाग कमी पडतोय हे आधी शोधा. आवडता गेम सुरू करा, फ्रेमचा आकडा लिहून ठेवा. आता गेमच्या सेटिंगमध्ये फक्त रिझोल्यूशन कमी करा, १४४०पीवरून १०८०पीवर. फ्रेम भरपूर वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. आकडा जागचा हललाच नाही तर प्रोसेसर अडवतोय, नवं कार्ड आणून काही होणार नाही. फ्रेम बऱ्या आहेत पण धक्के बसतात, तर टास्क मॅनेजरमध्ये रॅम आणि कार्डाची मेमरी किती भरली ते बघा. ही तपासणी दहा मिनिटांची. चुकीच्या भागावर पैसे घालवणारे जवळजवळ सगळे ती टाळतात.

मग बदला. नवं कार्ड आणताना त्याची लांबी आणि वायरी, नवा प्रोसेसर आणताना बायोस आधी अपडेट, मग जुना काढा. कूलर उचलताना सरळ वर ओढू नका, आधी हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. कूलर आणि प्रोसेसर यांच्यामधली वाळलेली पेस्ट एएम४ चा प्रोसेसर पिनांसकट उपटून काढू शकते.

एसएमपीएस बदललात तर मात्र जुन्याच्या काढता येणाऱ्या वायरी नव्याला लावू नका, कनेक्टर बसले तरीही. एसएमपीएसच्या बाजूचं टोक कोणत्या पिनेला कोणती वीज देईल हे प्रत्येक कंपनी, कधी कधी प्रत्येक मॉडेल, वेगळं ठरवतं. अशी वायर लावली तर बटण दाबल्यावर फट्‌ असा छोटासा आवाज येऊन साटा एसएसडीवरचं सगळं जाऊ शकतं. जुन्या वायरी जुन्या एसएमपीएसबरोबर त्याच खोक्यात भरा आणि खोक्यावर मॉडेलचं नाव लिहा.